माझ्या पुढे गेलेली कौसल्या

कौसल्या मडावीला एक खोड होती. गणित संगणकाला द्यायच्या आधी ती त्याचं उत्तर मोठ्याने सांगून टाकायची. समोर जो असेल त्याला सांगायची आणि कोणी नसेल तर खिडकीबाहेरच्या कडुनिंबाला. "हा पदार्थ काही टिकत नाई," असं म्हणून मग कळ दाबायची. काही दिवसांनी उत्तर यायचं आणि बहुतेक वेळा तिने सांगितलेलंच निघायचं. दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. कौसल्या तोंड वाकडं करायची. "मंग का मजा आली? हे तं मले मालूमच होतं."

मला ते कधीच आधी माहीत नसायचं. आणि मी तिचा शिक्षक होतो.

चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात बी.एस्सी.ला तिला मी भौतिकशास्त्र शिकवलं. पुढे ती आमच्याच विभागात, माझ्या शेजारच्या टेबलावर येऊन बसली. शिष्य आपल्या पुढे गेला की शिक्षकाला धन्य वाटतं, असं निरोपसमारंभांच्या भाषणांत मी आयुष्यभर ऐकत आलो. वाटत असेल कोणाला. मला कौसल्याचा हेवा वाटला. तोही एखाद्या प्रसंगापुरता नव्हे. पोटात कायमचा खडा असावा तसा तो होता. कधी दुखायचा, कधी नुसताच असायचा.

आमचा विषय थोडक्यात सांगायला हवा. तांब्याच्या तारेतून वीज जाताना तिला अडथळा होतो, तार तापते, वीज वाया जाते. काही पदार्थ मात्र भयंकर थंडीत असे होतात की त्यांच्यातून वीज जराही अडथळा न होता वाहते. त्यांना अतिसंवाहक म्हणतात. अडचण त्या थंडीची आहे. म्हणून जगभर माणसं असा पदार्थ शोधताहेत, जो कमी थंडीत, जमलंच तर आपल्या नेहमीच्या हवेत, हे काम करील. भट्टीत नवे पदार्थ शिजवून पाहणं हा एक रस्ता. दुसरा आमचा. संगणकाला फक्त कोणते अणू आणि त्यांची रचना कशी एवढंच सांगायचं, प्रयोगातला एकही आकडा उसना घ्यायचा नाही, आणि निसर्गाच्या मूळ नियमांवरून तो पदार्थ कसा वागेल हे काढायचं. पदार्थ अजून जगात जन्मलेलाही नसतो, आणि तुम्ही त्याची पत्रिका मांडून बसलेले असता.

माझ्या तरुणपणी या विषयाची साथच आली होती. नागपूरला एम.एस्सी.ला असताना तांब्याच्या ऑक्साइडची काळी भुकटी आम्ही खलात घोटली, गोळ्या करून भट्टीत भाजल्या आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवल्या. अतिसंवाहक चुंबकाला दूर ढकलतो; गोळीवर ठेवलेलं चुंबक अधांतरी तरंगलं तेव्हा मी प्रयोगशाळेत ओरडलो होतो. वाटलं, हेच आपलं आयुष्य. पीएच.डी.ला गणिताची बाजू घेतली आणि तिथेच अडकलो. माझं गणित सांगायचं, हा मूळ पदार्थ, म्हणजे अतिसंवाहक होण्यासाठी त्यात भेसळ करण्याआधीचा, धातूसारखी वीज वाहू देईल. प्रत्यक्षात तो वीज अडवून धरतो. त्या काळची सगळ्यांचीच पद्धत तिथे चुकत होती, दोष माझ्या एकट्याचा नव्हता. पण इतर जण त्या चुकीशी वर्षानुवर्षं भांडले. मी प्रबंध कसाबसा पुरा केला, नोकरी धरली आणि अतिसंवाहकांच्या धड्याला दरवर्षी पुस्तकातली तीच गादीची उपमा सांगत राहिलो. मऊ गादीवर एक गोळा ठेवला की खळगा पडतो आणि दुसरा गोळा त्याच खळग्याकडे घरंगळतो. इलेक्ट्रॉनांची जोडी अशीच जमते, आणि जोडीने चालले की त्यांना अडथळा लागत नाही, वगैरे.

ती उपमा ऐकून कौसल्या पहिल्यांदा उभी राहिली. एटापल्लीच्याही पुढल्या एका गावातली, आश्रमशाळेत शिकलेली, ठेंगणी, दणकट मुलगी. लाजरीबुजरी अजिबात नव्हती. स्वतःचा डबा सगळ्यांआधी संपवून दुसऱ्यांच्या डब्याकडे हक्काने वळणारी. ती म्हणाली, "सर, इलेक्ट्रॉन एकमेकाले ढकलतात, हे तुमीच मागच्या तासाले सांगतलं. मंग जोडीनं कसे चालतात? आन हे गादी कोणाची हाये तिथी?"

वर्ग हसला. मी पुस्तकातलं वाक्य पुन्हा म्हटलं. ती खाली बसली, पण तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की तिला पटलेलं नाही आणि मलाही ते नीट कळलेलं नाही, हे तिला समजलं आहे. मी तिला घरी बोलावून पुस्तकं दिली, संगणकावर पहिलं गणित करायला शिकवलं. शिकवताना हात आखडला नाही. पण मला जे शिकायला सहा महिने लागले होते ते ती दिवाळीच्या सुट्टीत शिकून आली, तेव्हा तो खडा पहिल्यांदा जाणवला.

पुढे ती दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत पीएच.डी.ला गेली. तिथेच राहील असं सगळ्यांना वाटलं होतं. मलाही; आणि खरं तर बरंच वाटलं होतं. पण ती परत आली. "तिथी सगळेच हुशार. मले भांडाले कोणी भेटतच नाई," असं कारण तिने मुलाखतीत दिलं म्हणे.

एकदा तिचा तास चालू असताना मी व्हरांड्यातून जात होतो. तोच धडा चालू होता, म्हणून थांबलो. कौसल्या हातवारे करून सांगत होती, "धानाच्या रोवणीच्या बांधीत चिखल असते नं? पुढचा माणूस गेला का त्याच्या पायाचा खड्डा पडते. चिखल तो खड्डा हळूहळू भरते. भरायच्या आंधी मागचा आला तं त्याचा पाय त्याच खड्ड्यात जाते. दोघाइची दोस्ती नाई, बोलणं नाई. पण चिखलानं त्याइची जोडी जमवली. अणूची जाळी म्हंजे तो चिखल, आन इलेक्ट्रॉन म्हंजे रोवणारे. समजलं?"

मागच्या बाकावरची, नागभीडकडच्या धानपट्ट्यातली मुलं, जी माझ्या तासाला झोपत, ती माना डोलावत होती. एकाने विचारलं, "मॅडम, चिखल जास्त पातळ असला तं?" काय सुरेख प्रश्न होता! माझ्या साऱ्या नोकरीत मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी वरोऱ्याचा, कापसाच्या गावचा, पण भाताची खाचरं, आमच्याकडच्या धानाच्या बांध्या, मीही पाहिल्या होत्या. मला का सुचला नाही तो चिखल? त्या दिवशी मी डबा न खाताच घरी आलो.

स्टाफरूममध्ये काही जण ती राखीव जागेवरून पुढे गेली असं कुजबुजत. त्यांचा हेवा स्वस्तातला होता, एवढ्यावर तो शांत व्हायचा. मला तेवढाही दिलासा नव्हता. तिच्या उत्तरपत्रिका मी तपासल्या होत्या. ती कशी पुढे गेली हे मला ओळ न ओळ ठाऊक होतं.

तिची आणखी एक रीत होती. तिचा संशोधनाचा प्रत्येक पेपर छापायला पाठवण्याआधी ती मला वाचायला द्यायची. "सर, पाहा बरं, कुठी घाण हाये का." मी वाचायचो. एकही शब्द सोडायचो नाही. मनात एकच इच्छा असायची, की कुठेतरी ती चुकलेली असावी. फार तर एखादा स्वल्पविराम सापडायचा.

मग तो मोठा पेपर आला. दोन धातू आणि भरपूर हायड्रोजन असलेला एक पदार्थ तिने गणिताने मांडला होता. हायड्रोजनवाले अतिसंवाहक आधीही सापडले होते, पण त्यांना पृथ्वीच्या पोटात असतो तसला दाब लागतो. कौसल्याचं गणित म्हणत होतं की या पदार्थाला दाब नको. तो साध्या दाबाला तग धरील आणि फारशी थंडी न देता अतिसंवाहक होईल. उत्तर तिने नेहमीप्रमाणे आधीच सांगितलं होतं आणि संगणकानेही तेच दिलं. या वेळी तिने तोंड वाकडं केलं नाही. व्हरांड्यात भेटेल त्याला टाळी देत सुटली. मी पेपर वाचला, मला काहीही सापडलं नाही, आणि मी तिचं अभिनंदन केलं. ते शब्द तोंडातून काढताना दाढ उपटून घेतल्यासारखं वाटलं.

पेपर गाजला. उत्तरेकडच्या एका मोठ्या प्रयोगशाळेने कळवलं की आम्ही हा पदार्थ बनवायला घेतो. वर्तमानपत्रांत तिचा फोटो आला. कॉलेजने सत्कार ठेवला आणि भाषण अर्थातच मला दिलं. तिचे वडील पांढरा नवा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते. शाल-श्रीफळ झाल्यावर माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "पोरगी म्हणते, सरानंच घडवलं. तुमच्याच हातची हाये." सगळे टाळ्या वाजवत होते. मी हसत होतो. मूर्तीची पूजा चालू असताना पाथरवटाला कोणी विचारत नाही असं म्हणतात. मला तर विचारत होते, डोक्यावर घेत होते. तरी मला पाथरवट व्हायचं नव्हतं. मला ती मूर्ती व्हायचं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी तो पेपर पुन्हा काढला. दुपारभर जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसायचो. माझी बायको मंदा पानं मांडायला आली की म्हणायची, "पुन्हा तेच वाचून राह्यले? पोट दुखत असन तं ओवा खा, पेपरानं नाई थांबाचं." तिला सगळं कळत होतं. तिच्यापासून काय लपवणार?

आणि एका दुपारी मला ते दिसलं. पेपराच्या शेवटी जोडलेल्या आकृत्यांमध्ये एक लहानशी वक्ररेषा होती. हायड्रोजनचा अणू आपल्या जागेवरून थोडा सरकवला तर ऊर्जा किती वाढते, ती रेषा. आमच्या नेहमीच्या गणितात अणू वाटीच्या तळाशी गोटी असावी तसा बसलेला धरतात; हलवला की परत तळाला येतो. पण ही वाटी नव्हती. तळ जवळजवळ सपाट होता, ताटलीसारखा. हायड्रोजन इतका हलका की कितीही थंडी असली तरी तो स्थिर बसत नाही, थरथरत राहतो. ताटलीत थरथरणाऱ्या अणूला वाटीचं गणित लावलं तर जोडी जमवण्याचं त्याचं बळ फार मोठं दिसतं. बाकीच्या कंपनांची कौसल्याने कसून तपासणी केली होती. हे एक कंपन राहिलं होतं, आणि तिचं सगळं उत्तर ह्या एकावर उभं होतं. मी माझ्या संगणकावर ढोबळ हिशेब करून पाहिला. तो पदार्थ अतिसंवाहक होणार होता, पण कडाक्याच्या थंडीत. त्यातलं नवल निघून जात होतं.

फोनवर सांगता आलं असतं. पण मला तिचं तोंड पाहायचं होतं. नव्या धानाच्या सणासाठी, त्यांच्याकडे त्याला पंडुम म्हणतात, ती गावी गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीने आलापल्लीला उतरलो आणि पुढे जीप धरली. सूरजागडच्या खाणीतल्या लोहखनिजाचे ट्रक समोरून येत होते, लाल धूळ शर्टावर बसत होती, रस्ता अंग खिळखिळं करत होता, आणि मी गुणगुणत होतो. मागच्या सीटवरच्या बाईने विचारलंसुद्धा, "भाऊ, लगनाले चालले का?" इतका हलका मी कितीतरी वर्षांत झालो नव्हतो.

कौसल्या अंगणात भाचरांबरोबर बसली होती. मला पाहून ताडकन उठली. "सर? तुमी इथी? काऊन, कोणी मेलं का?"

"तुझा पेपर," मी म्हणालो. हे वाक्य मी गोंडपिपरीपासून घोकत आलो होतो.

तिच्या आईने पानावर नव्या तांदळाचा भात वाढला. जेवण होईपर्यंत कौसल्याने काही विचारलं नाही. मग पडवीत बाजेवर मी ती रेषा तिच्यासमोर ठेवली आणि तळाच्या सपाट भागावर बोट ठेवलं. बाकी काही बोलावंच लागलं नाही. ती बघत राहिली. मी तिचा चेहरा बघत राहिलो. तिने ओठ आत ओढून घेतले, डोळे बारीक केले. आता रडेल, असं मला वाटलं.

"अरे बापा," ती सावकाश म्हणाली. "हे तं राहूनच गेलं. उत्तर गोड लागलं नं सर, म्हणून चव पाहाची राह्यली." आणि ती हसायला लागली. खदाखदा. वडिलांना तिने गोंडीत ओरडून काहीतरी सांगितलं, तेही हसले. काय सांगितलंस असं मी विचारलं तर म्हणाली, "सांगतलं का सरानं माही चोरी पकडली."

मग तिने लॅपटॉप आणला. "तुमी ढोबळ केलं, आता नीट करू," म्हणून तिने तो हायड्रोजन एकेक बाजूला सरकवायला सुरुवात केली. पोरं खेळत होती, अंगणात ढोल वाजायला लागला होता, आणि आम्ही दोघं बाजेवर वाकून तिचाच पदार्थ मोडत होतो. दर आकड्यागणिक तिचं नाव खाली येत होतं, आणि ती मांडीवर थाप मारून म्हणत होती, "हे मले मालूम नव्हतं! सर, हे मले बिलकूल मालूम नव्हतं!" तिला सत्काराच्या दिवशीही मी इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. माझं गुणगुणणं केव्हाच बंद झालं होतं. एवढा प्रवास करून मी जे पाहायला आलो होतो ते तिथे नव्हतंच.

ऊन उतरल्यावर ती मला जीपपर्यंत सोडायला आली. वाटेत म्हणाली, "सर, एक बोलू? राग नोका मानू."

"बोल."

"मले पह्यलेपासून मालूम हाये, तुमी माह्यावर जळता."

मी शर्टावरची लाल धूळ झटकू लागलो.

"बाकीचे माहा पेपर वाचतात, वा वा म्हणतात. जो जळते तोच एवढं बारीक वाचते. म्हणून तं तुमालेच देत होती मी." जीपचं दार तिने माझ्यासाठी उघडलं. "आंधी देऊनई सापडलं नाई तुमाले, त्याचं वाईट वाटलं मले. पुढच्या बारीले आणखी जळा."

सुट्टी संपायच्या आत तिने पेपर मागे घेतला. प्रयोगशाळेला स्वतः फोन करून सांगितलं. मागे घेण्याच्या टिपणात चूक कोणती हे चार सरळ वाक्यांत लिहिलं आणि ती कोणी दाखवली हेही. वर्तमानपत्रांनी त्याची बातमी केली नाही. स्टाफरूममध्ये मात्र चहाबरोबर फरसाण आलं. मी ते खाल्लं नाही. मला तर आता निवांत वाटायला हवं होतं. ती पडली होती, आणि माझ्या हाताने पडली होती. पण मला आता तिच्या पडण्याचाही हेवा वाटायला लागला. माझं गणित चुकलं तेव्हा मी मान खाली घालून प्रबंध बांधायला दिला होता. कोणी माझ्याकडे ती चूक घेऊन आला असता तर मी त्याला भात वाढला असता का? त्याच्यासमोर मांडीवर थाप मारून हसलो असतो का?

पुढे आम्ही दोघांनी मिळून ते गणित नव्याने केलं. कौसल्याने आग्रहाने माझं नाव तिच्या शेजारी घातलं. उत्तरेकडच्या प्रयोगशाळेने पदार्थ बनवायचं सोडलं नव्हतं. थोडा उशिरा तो बनला, आणि आमच्या नव्या उत्तराच्या जवळपासच, कडाक्याच्या थंडीत, अतिसंवाहक झाला. व्यवहारात त्याचा उपयोग शून्य. पण जगात नसलेल्या पदार्थाबद्दल कागदावर सांगितलेलं खरं निघालं होतं, आणि त्या कागदावर माझं नाव होतं. ज्याची आयुष्यभर वाट पाहिली ते निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना मिळालं. मंदाने शेजारीपाजारी पेढे वाटले. खडा जागेवरच होता.

त्याच प्रयोगशाळेने कौसल्याला बोलावून घेतलं. या वेळी तिथे भांडायला माणसं भरपूर आहेत याची तिने आधी खात्री करून घेतली. चंद्रपूर स्टेशनवर मी तिला सोडायला गेलो. गाडी आली, तिने वाकून नमस्कार केला, मी डोक्यावर हात ठेवला. ती गेल्यावर विभागात फार शांतता झाली. कडुनिंबाला कोणी काही सांगेना. थोड्याच दिवसांत मीही निवृत्त झालो.

परवा तिचा फोन आला. मी विचारलं, कशी आहेस, जेवण जमतं का तिकडचं. ती नेहमीसारखी हसली नाही.

"सर, इथी एक नवीन पोरगी आली हाये. माह्याच हाताखाली. लय तेज हाये." आवाज खाली आणून म्हणाली, "काल तिनं एक गणित दाखवलं. बरोबर होतं. मले का झालं का मालूम, छातीत जळून राह्यलं. जेवणच गेलं नाई. सर, हे थांबते कवा?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "माझं अजून थांबलेलं नाही."

पलीकडे कागद ओढल्याचा आवाज झाला. मग ती म्हणाली, "बरं. तिचा पेपर आलाच हाये टेबलावर. वाचून पाहाते मंग." आणि तिने फोन ठेवला.

मला वाटलं, आता ती तो पेपर वाचायला बसली असेल. ओठ आत ओढून, डोळे बारीक करून, एकही शब्द न सोडता. त्या पोरीला मी पाहिलेलं नाही, तिचं नावही मला ठाऊक नाही. पण फोन हातात धरून मी बसून राहिलो, आणि मला त्या पोरीचाच हेवा वाटत होता.